मे महिन्याची अट

ओनोदेरांनी टेपच्या टोकाला बांधलेली पितळेची वाटी बोअरच्या पाइपात सोडली आणि पाइपाला कान लावून डोळे मिटले. वाटी पाण्याला टेकली की डुबुक असा आवाज येतो, तो ऐकायचा असतो. साठीला आलेला माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात टाय, आणि गुडघे मुरमात रुतलेले. आम्ही तिघी शेजारी गप्प उभ्या होतो.

"काय ऐकू येतंय का टोकियो?" कमलताई म्हणाल्या.

दुभाषी मैथिलीला हसू आवरेना. पुण्याची मुलगी, जपानी शिकून नुकतीच कामाला लागलेली. ओनोदेरांनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटला. मग आवाज आला. त्यांनी टेपवर बोट ठेवलं, आकडा वाचला आणि तिला काहीतरी विचारलं.

"मॅडम, ते विचारतायत, मे महिन्यात हा आकडा किती असतो?"

मी या जपानी पथकाबरोबर फिरू लागल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मे महिन्याबद्दल विचारत होतं. मला फार बरं वाटलं.

मी तेव्हा जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात भूवैज्ञानिक होते. जमिनीखाली पाणी किती आहे ते सांगणं हे आमचं काम, आणि लोकांना ऐकायचं असतं ते "भरपूर" एवढंच. त्या वर्षी भारत आणि जपान यांनी मिळून एक संयुक्त समिती नेमली होती. परदेशी गुंतवणुकीसाठी आपल्याकडचं वातावरण सुधारायचं, हे तिचं काम. आमच्या जिल्ह्यात तिचा एक गट आला होता, कारण कॅमेऱ्याची भिंगं बनवणारी एक जपानी कंपनी मुरमाळ्याच्या माळावर कारखाना काढू पाहत होती. भिंगं घासायला पाणी लागतं. स्वच्छ लागतं आणि फार लागतं. कालवा तिथवर येत नाही. जे काही आहे ते खालचं.

जपानी पथकाने येण्याआधी आपल्या अडचणी कळवल्या होत्या. वीज, रस्ता, व्हिसा अशा पाच गोष्टी होत्या आणि सहावी माझ्या कार्यालयाची होती. मोठ्या कारखान्याच्या बोअरची उपसा चाचणी मे महिन्यातच व्हावी अशी आमची अट होती. उपसा चाचणी म्हणजे पंप लावून पाणी सलग खेचायचं, पातळी किती उतरते ते बघायचं, मग पंप बंद करून ती परत किती वेगाने चढते ते मोजायचं. पावसाळ्यानंतर अर्ज करणाऱ्या कंपनीला त्यासाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागे. हा विलंब अनाकलनीय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी ओनोदेरांना मुरमात काठीने रेघा ओढून दाखवल्या. "वर हा मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाणात भेगा. पावसाळ्यानंतर बोअर दोन खिशांतून खर्च करते, एक मुरमाचा आणि एक भेगांचा. मार्चपर्यंत मुरमाचा खिसा रिकामा होतो. मेमध्ये जे येतं ते फक्त भेगांचं. ऑक्टोबरला तुम्ही कुठलीही बोअर तपासा, ती पासच होणार."

मैथिली भाषांतर करत होती आणि तिच्या मागोमाग ओनोदेरांची मान हलत होती. शेवटी ते स्वतः खाली बसले, माझ्या रेघांच्या पलीकडे त्यांनी उताराची एक रेघ काढली आणि तिच्या पायथ्याशी गोल काढला.

"ही गावची विहीर ना, असं विचारतायत."

"व्हय, तीच," भाषांतराची वाट न बघता कमलताई म्हणाल्या. "पिण्याची हाय. सगळं गाव तिच्यावर."

कमलताई वाळुंज मुरमाळ्याच्या उपसरपंच. कुठलाही अधिकारी माळावर आला की त्या आधी हजर असत. मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं होतं, की कारखान्याची बोअर आणि तुमची विहीर एकाच मुरमातलं पाणी पितात. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं.

"मॅडम, तुमच्या चाचणीपायी कंपनी दुसरीकडं गेली तर?" त्या आता म्हणाल्या. "अकरा पोरी घेणार हायत ते. बारीक काम हाय, पोरींचेच हात लागतात म्हणले. माझी शीतल त्यात हाय. तिच्या लग्नाची बोलणी थांबवून धरलीत मी. पोराकडचे म्हणतात, काय वो, पोरगी घरात ठिऊन लोणचं घालणार काय? मी म्हणलं, नाय, जपानी कंपनीत पाठवणार हाय."

"कंपनी कुठे जाणार नाही, ताई. चाचणी होऊ द्या फक्त."

"तुमच्या तोंडात साखर पडो. पन मे लई लांब हाय."

मैथिलीने यातलं किती सांगितलं मला माहीत नाही. ओनोदेरा उठले, गुडघे झटकले आणि बराच वेळ जपानीत बोलले.

"ते म्हणतात, त्यांच्याकडे वर्षभर पाऊस असतो, म्हणून कंपनीच्या लोकांच्या हे लक्षात आलं नाही. अट बरोबर आहे. कंपनीला इथे तीस वर्षं राहायचंय, तिथे आठ महिने म्हणजे काहीच नाही. उलट ही चाचणी कंपनीच्याच हिताची आहे."

"हे ते सभेत सांगतील?"

तिने विचारलं. ओनोदेरा कमरेत वाकले आणि थोडकं काहीतरी म्हणाले.

"म्हणाले, तुम्ही काळजी करू नका."

मी काळजी केली नाही. गाडीत बसल्यावर मैथिलीला चहा पाजला आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की आज एक माणूस भेटला.

सभा दोन दिवसांनी जिल्ह्याच्या गावातल्या एका हॉटेलच्या सभागृहात झाली. दोन्ही देशांचे छोटे झेंडे, मधे झेंडूची परडी, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. आमच्या बाजूचे अध्यक्ष रणनवरे साहेब होते. मोठ्या हुद्द्याचा, मोठ्या आवाजाचा, मनाने सरळ माणूस. पाहुण्यांना आपल्या जिल्ह्याबद्दल चांगलं वाटावं याची त्यांना खरीखुरी तळमळ होती. मी हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून त्यांच्याबद्दल वेगळं मत होईल.

जपानी पथकप्रमुखांनी अडचणी एकेक करून सांगितल्या. प्रत्येक अडचणीनंतर ते थांबत, मैथिली मराठीत सांगे आणि रणनवरे साहेब मायक्रोफोन ओढून तोडगा जाहीर करत. वेगळी वीजवाहिनी. रस्त्याचं रुंदीकरण. व्हिसासाठी एक अधिकारी नेमून देतो. टाळ्या. पाचवी झाली, पथकप्रमुखांनी समोरचे कागद नीट जुळवले, आभार मानले आणि ते खाली बसले.

सहावी आलीच नाही. मी ओनोदेरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी हलकेच मान झुकवली.

सभा संपल्यासारखीच होती. पण रणनवरे साहेब हसत हसत पुन्हा उभे राहिले.

"आमच्या पाहुण्यांनी एक गोष्ट संकोचापोटी सांगितली नाही," ते म्हणाले. "पत्रात सहा अडचणी होत्या, इथे पाचच आल्या. पण यजमानाने काय, पाहुणा मागेपर्यंत थांबायचं? पाण्याच्या चाचणीसाठी मे महिन्याची अट आम्ही आज रद्द करतोय. चाचणी वर्षात कधीही करा. उद्या म्हणालात तर उद्या!"

आमच्या बाजूने जोरात टाळ्या पडल्या. मैथिलीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने सांगितलं. पथकप्रमुखांनी शेजारच्याकडे पाहिलं, मग दोघेही उठले आणि वाकले. त्यांच्या मागोमाग बाकीचे वाकले. ओनोदेराही.

मी उभी राहिले. सभेत बोलायची मला सवय नाही. माझं बोलणं आकड्यांत असतं आणि सभेत आकडे कुणालाच नको असतात. तरी बोलले.

"सर, मे महिन्याखेरीज घेतलेली चाचणी या खडकात निरुपयोगी आहे. पावसाळ्यानंतर मुरूम भरलेला असतो. ती अट कंपनीच्या विरोधात नाही. कंपनीला पाणी पुरेल की नाही, ते कळण्याचा तोच एक मार्ग आहे."

रणनवरे साहेबांनी ऐकून घेतलं. मग मायक्रोफोनमध्येच म्हणाले, "घोलप मॅडम आमच्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांना धो धो पावसातही विचारलं तरी म्हणतील, मेमध्ये बघू."

सगळे हसले. मैथिलीने याचं भाषांतर केलं असावं, कारण थोड्या वेळाने जपानी बाजूही सौम्यपणे हसली. मी ओनोदेरांकडे बघत उभी होते. एक शब्द. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तरी चाललं असतं. ते पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होते.

मी खाली बसले.

बाहेरच्या व्हरांड्यात मैथिली बटाटेवडा खात उभी होती. मला बघून तिने घाईने हात पुसले.

"मॅडम, पाणी आणू का? तुमचा चेहरा..."

"तुझे ओनोदेरा-सान," मी म्हटलं. "माळावर एक बोलतात आणि इथे लेबल वाचतात."

"पण त्यांनी केलं ना त्यांचं काम!" ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही? माळावरून परत आलो त्या संध्याकाळी त्यांनी प्रमुखांना तासभर समजावलं. मी तिथेच होते, इंग्रजीतले काही कागद वाचून दाखवायला. त्यांनी ती तुमची रेघांची आकृतीपण काढून दाखवली. प्रमुख आधी ऐकत नव्हते, मग त्यांनी टोकियोला फोन केला, मग म्हणाले ठीक आहे. तक्रार मागे घ्यायची. म्हणून तर आज सहावी आली नाही."

"मागे घेतली?"

"हो. अट राहू दे असं ठरवलं त्यांनी. त्यांना वाटलं, तक्रारच नसली की विषय संपला."

आत लोक ताटं घेऊन रांगेत उभे राहत होते.

रणनवरे साहेब मला गुलाबजामांपाशी सापडले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मी म्हटलं ना, माणूस सरळ होता.

"घोलप मॅडम, एक सांगा. तुमच्या घरी पाहुणा जेवायला बसलाय आणि पुरे म्हणतो. तुम्ही काय करता? हात आखडता घेता?"

"सर, ते खरंच पुरे म्हणत होते."

"सगळे खरंच म्हणतात. वाढल्यावर खातात की नाही? आज खाल्लं की त्यांनी. सगळे उठून वाकले. तुम्ही पाहिलंत."

"ते तुमच्या मानासाठी वाकले."

"मग मी आता तो मान परत घेऊ?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "बरं, असं करा. त्यांना अट हवी असेल तर त्यांनी तसं लेखी द्यावं. दोन ओळी. मी आज संध्याकाळी आदेश फिरवतो. मला काय, पाहुण्याला जे हवं ते."

हे बोलणं न्याय्य होतं. मी मैथिलीला हाताला धरून अक्षरशः ओढत नेलं. ओनोदेरा एकटेच खिडकीपाशी बसून वरणभात खात होते. मला बघून ते उठले. मी त्यांना सांगितलं, की दोन ओळी हव्यात.

त्यांनी चमचा ठेवला. ते सावकाश बोलत होते आणि मैथिलीही सावकाश सांगत होती.

"ते म्हणतात, आमचं पथक अडथळे कमी करायला आलं आहे. दोन्ही सरकारांनी त्यासाठीच पाठवलंय. आमचा एक अडथळा परत घाला, असं पत्र आमच्या देशाकडून कसं जाईल?"

"पण तुम्हाला तो हवा आहे."

"हो. हवा आहे."

"मग सांगा ना."

ओनोदेरांनी मैथिलीकडे पाहिलं, जणू तिने चुकीचं भाषांतर केलं असावं. मग ते म्हणाले, "तुमचा नियम आहे. तुमच्या जमिनीबद्दल आहे. आम्ही तक्रार मागे घेतली, याच्या पुढे पाहुण्याने जाऊ नये. तो तुम्ही राखाल याची मला खात्री होती."

"मी उभी राहिले होते सभेत. तुम्ही बघत होतात."

"हो." इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा बदलला. "तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, आता झालं. आमच्याकडे तांत्रिक अधिकारी भर सभेत उभा राहून आक्षेप घेत नाही. तीस वर्षांत मी एकदा पाहिलं. त्या वेळी सभा तिथेच थांबली होती. मी म्हटलं, आता मी काही बोलायची गरज नाही. बोललो तर तुमचा अपमान होईल."

मी तिथेच खुर्चीत बसले. मैथिली आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

ओनोदेरा तरीही प्रमुखांकडे गेले. मी दुरून बघत होते. प्रमुखांनी लक्ष देऊन ऐकलं, एकदा रणनवरे साहेबांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि नकारार्थी मान हलवली. ते उद्धट नव्हते. इतक्या लोकांसमोर दिलेली भेट परत करणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं होईल, असं ते म्हणाले, हे ओनोदेरांनी परत येऊन सांगितलं. संध्याकाळच्या भाषणात ते त्या भेटीबद्दल आभार मानणार होते, आणि ते त्यांनी मानले.

चाचणी ऑक्टोबरमध्ये झाली. मीच घेतली, दुसरं कोण घेणार? माळावर गवत पोटरीएवढं होतं, त्यात पिवळी सोनकी फुललेली. पंप दिवसभर चालवला. पाणी पाइपातून मनगटाएवढ्या धारेने पडत होतं आणि गावातली पोरं त्यात नाचत होती. पंप बंद केला तेव्हा पातळी इतक्या वेगाने वर आली की मला आकडे टिपायला फुरसत मिळेना. कमलताईंनी नारळ फोडला.

"बगा मॅडम! उगा घाबरवत होता आमाला."

शीतल खोबऱ्याचे तुकडे वाटत होती. मी तिला तेव्हा प्रथमच नीट पाहिलं. उंच, सावळी, कमी बोलणारी. मला तुकडा देताना तिने विचारलं, "मॅडम, भिंग घासताना चूक झाली तर ते फेकून देतात का हो?"

"बहुतेक."

"मग माझ्याकडनं व्हायची नाही," ती म्हणाली आणि पुढे गेली.

अहवालात मी ऑक्टोबर हा शब्द ठळक अक्षरात लिहिला. त्याने काही होत नाही हे मला माहीत होतं. पुढच्या महिन्यात पाया खणला गेला.

एप्रिलमध्ये ओनोदेरांचं पत्र आलं, मोडक्या इंग्रजीत. ते भारतातली लेणी बघायला येणार होते. लेणी मे महिन्यातच बघायची असं त्यांनी ठरवलं होतं. मी पत्र दोनदा वाचलं आणि रजेचा अर्ज टाकला.

कारखान्याच्या भिंती तोवर उभ्या राहिल्या होत्या, पत्रे चढवायचे बाकी होते. साइटवरच्या व्यवस्थापकाने आम्हाला बोअर उघडून दिली, वर म्हणाला, मी आज दिवसभर गावात आहे, मी काही पाहिलेलं नाही. सकाळीच पंप लावला. ओनोदेरांनी गळ्यात टायऐवजी ओला पंचा गुंडाळला होता. मैथिली नव्हती, पण आम्हाला बोलायचंही काही नव्हतं. मी आकडा इंग्रजीत म्हणायची, ते लिहायचे.

धार आधी मनगटाएवढी होती. दुपार व्हायच्या आत ती करंगळीएवढी झाली, मग पंप घरघरून हवा ओढू लागला. आम्ही तो बंद केला आणि पाणी परत चढण्याची वाट बघत बाभळीखाली बसलो. बसलो म्हणजे दर थोड्या वेळाने उठून मोजत होतो. पाणी चढत होतं, पण इतक्या हळू, की दोनदा मला वाटलं आपलंच मोजमाप चुकतंय. ओनोदेरांनी स्वतः मोजून पाहिलं. चुकत नव्हतं. उतरत्या उन्हापर्यंत निम्मंही परत आलं नव्हतं.

कमलताई ताक घेऊन आल्या. बाभळीखाली टेकल्या, आम्हा दोघांच्या तोंडांकडे पाहिलं.

"काय निघालं?"

"ताई, कारखाना पूर्ण चालू झाला की मे महिन्यात त्याला पाणी पुरणार नाही. आणि तो ओढेल तेवढं ओढेल, त्यात तुमची विहीर जाईल."

"कवा?"

"पहिला उन्हाळा कसाबसा निघेल. दुसऱ्यात आटेल."

त्यांनी ताकाचा पेला माझ्या हातात दिला, दुसरा ओनोदेरांना दिला. मग उभ्या भिंतींकडे पाहिलं.

"म्हंजी दोन वर्सं हायत," त्या म्हणाल्या.

"ताई..."

"दोन वर्सात पोरीच्या हातात हुन्नर यील. मग ती कुठंबी जाईल. तुमी हे सायबाला सांगणार काय?"

"सांगावं लागेल."

"नगा सांगू."

"विहीर जाईल म्हणते मी. सगळं गाव तिच्यावर आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

"विहिरीचं मला सांगता व्हय? मीच शेंदते तिच्यातनं, लगीन होऊन आले तवापासनं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मे महिन्यात ती अशीबी खाली जाती. खरवडून खरवडून भरतो आमी. कंपनी आली नव्हती तवाबी जात हुती. तवा कोन आलं नाय टेप घिऊन."

ओनोदेरांनी इंग्रजीत विचारलं, त्या काय म्हणताहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यांनी पेला जमिनीवर ठेवला. कमलताईंकडे बघत ते हळूहळू, शब्द शोधत बोलले. त्याचा अर्थ असा होता: या अटीच्या प्रकरणात दोन देशांनी एकमेकांकडे उघडपणे काहीच मागितलं नाही, मागणारी ही पहिलीच.

"काय म्हनतोय?" कमलताईंनी विचारलं.

"तुम्ही स्पष्ट बोललात म्हणून त्यांना बरं वाटलं."

"मग नाय ना सांगणार?"

"सांगणार, ताई. मला ते टाळता येणार नाही."

मला वाटलं त्या चिडतील. त्या उठल्या, पेले उचलले, उरलेलं ताक बाभळीच्या बुडाशी ओतलं.

"सांगा मग," त्या म्हणाल्या. "ऐकलं तर ऐकलं."

अहवाल मी दोन्हीकडे पाठवला. रणनवरे साहेबांच्या कार्यालयाने कळवलं, की रजेवर असताना घेतलेली चाचणी विचारात घेता येत नाही. जपानहून उत्तर आलं, की पर्यटक म्हणून गेलेल्या सल्लागाराच्या निरीक्षणांवर मत देणं योग्य होणार नाही. दोघांनीही माझे मनःपूर्वक आभार मानले होते. ओनोदेरांना पुढच्या पथकात घेतलं नाही, हे मला मैथिलीकडून कळलं.

मी पुन्हा लिहिलं. अट रद्द करणारा आदेश चुकीच्या समजातून निघाला आहे, एवढंच, चार ओळींत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मी त्या चार ओळी पाठवत असे. एका वर्षी कार्यालयातल्या नव्या अधिकाऱ्याने मला बोलावून विचारलं, की त्या सभेत ही अट कुणी रद्द करायला सांगितली होती. मी म्हटलं, कुणीच नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

भिंगं घासण्याचं काम कंपनीने नंतर उन्हाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या राज्यात हलवलं. मुरमाळ्यात आता फक्त तयार भिंगांच्या पेट्या भरतात. त्याच मे महिन्यात मी पाहणीसाठी गावात गेले होते. विहिरीच्या तळाशी चिखल होता आणि टँकर देवळासमोर उभा होता. रांगेत कमलताई होत्या, दोन हंडे पुढे मांडलेले. केस बरेच पिकले होते. मला बघून त्यांनी रांग सोडली नाही, फक्त हात हलवला. मी जवळ गेले.

"शीतल?" मी विचारलं.

"तिकडं, कंपनीसंगंच. दोन पोरींवर मुकादम केलंय तिला. लगीन नाय म्हनती अजून." त्यांनी एक हंडा पायाने पुढे सरकवला. "तुमी चुकलात बगा, मॅडम."

"मी?"

"दोन वर्सं म्हनला हुता. तीन निघाली."

पुढची बाई सरली. त्यांनी हंडा उचलून नळीखाली धरला.